एक गुरुजी, आदराने दोन

एका जंगलात वाघ राजा होता, यात काही नवल नाही. त्या जंगलात शाळा होत्या, हे नवल. तर नवलाचीच गोष्ट सांगतो. मांडी घालून बसा. मागच्या रांगेतल्याने नाकातलं बोट काढावं. मी नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळलं.

शाळा होत्या तेवीस. पूर्वी एक्याऐंशी होत्या. मग कुणी गुरुजी म्हातारे होऊन घरी बसले, कुणी पुरात गेले. एका गुरुजींना तर राजाने जंगलातली झाडं मोजायला पाठवलं, ते अजून मोजतायत. त्यांच्या जागी दुसरं कुणी नेमलं नाही. गुरुजी गेले की थोड्या दिवसांनी शाळेच्या दारात काटेरी फांदी टाकायची आणि शाळा बंद झाली म्हणायचं, अशी पद्धत होती. राहिलेल्या तेवीस शाळांत तेवीस गुरुजी, शाळेला एक. हिशेब सोपा आहे. आत्ताच लक्षात ठेवा, पुढे अवघड होणार आहे.

जंगल संपून माळ सुरू होतो तिथे एक बाभूळ होती. बाभळीखालच्या शाळेत माळढोक गुरुजी होते. 'होते' म्हणजे एकच होते. मोठ्यांना आपण आदराने 'होते' म्हणतो, एवढंच. माळढोक कुणी पाहिलाय का? नाही ना? मीसुद्धा जन्मात एकदाच पाहिला. उंच पक्षी, लांब पांढरी मान आणि डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी पिसं. उडता येतं, पण चालणंच पसंत करतो. देवाने त्याला गुरुजी करूनच खाली पाठवलं असावं.

या शाळेत एक दिवस सोनकी नावाची पिसोरी आपल्या मुलीला घेऊन आली. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. अंगावर पांढरे ठिपके, पाय काडीसारखे. मुलीचं नाव तिळी.

सोनकी म्हणाली, "गुरुजी, हिला मोठी विद्या नको. पाणवठ्यावरचा फलक वाचता आला की पुरे."

आता हा फलक काय, ते सांगतो. त्या जंगलात कायद्याचं राज्य होतं. राजा कुणालाही असंच उठून खात नसे. आधी पाणवठ्यावर फलक लागायचा. 'राजेसाहेब आज अमुक वेळी येतील.' ज्याला वाचता यायचं तो त्या वेळी पाण्यावर जायचा नाही. ज्याला वाचता यायचं नाही तो जायचा. राजा त्याला खायचा, पण रीतसर खायचा. फलक दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवणं हा गुन्हा होता, कारण त्याने राजाच्या जेवणात अडथळा येतो. ज्याचा त्याने वाचावा.

तिळीचा बाप मागच्या उन्हाळ्यात पाण्यावर गेला होता. तेव्हा घरात वाचणारं कुणी नव्हतं.

गुरुजींनी मान हलवली. "वाचता येईल. माझी जबाबदारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिळी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. लांबून गुरुजी डुलत डुलत येताना दिसले, तशी ती उड्या मारत ओरडली, "गुरुजी आला! गुरुजी आला!"

बाकीची पोरं खुदखुदली. गुरुजी जवळ आले आणि म्हणाले, "बाळ, आला नाही म्हणायचं. आले म्हणायचं."

"पण तू तर एकटाच आहेस."

"एकटाच आहे. तरी आले म्हणायचं. मोठ्यांना आदर द्यावा. आणि मला तू नाही, तुम्ही म्हणावं."

तिळीला ते काही पटलं नाही. एकाला एकच म्हणावं ना! पण गुरुजींनी सांगितलं म्हणून तिने घोकून घोकून पाठ केलं. गुरुजी आले, गुरुजी बसले, गुरुजी शिंकले. आठवड्याभरात तिची जीभ अशी वळली की झोपेतसुद्धा चुकत नसे. माळढोक गुरुजींच्या शाळेतला हा पहिला धडा होता आणि त्यात कुणी कधी नापास झालं नाही.

मग अक्षरं आली. काना आला, मात्रा आली, वेलांटी आली, डोक्यावरचा अनुस्वार आला. तिळी संध्याकाळी घरी जाऊन मातीत खुराने अक्षरं काढायची आणि सोनकी ती पुसली जाऊ नयेत म्हणून वळसा घालून चालायची. आता फक्त जोडाक्षरं राहिली होती.

"जोडाक्षरं होळी झाली की घेऊ," गुरुजी म्हणाले. "घाई नको. एका अक्षरात दोन अक्षरं असतात, पोरं गोंधळतात."

इकडे दरबारात काय चाललं होतं बघा.

दर वर्षी पाच जंगलांचा मेळा भरायचा. मेळ्यात एक मोठा कातळ होता. त्यावर प्रत्येक जंगलाने कोळशाने एक रेघ काढायची. आपल्या जंगलात लहान पोरांना शिकवणारे गुरुजी किती, ते दर वर्षाच्या टिंबाने दाखवायचं आणि टिंबं जोडायची. बाकीच्या जंगलांच्या रेघा कुठे चढत होत्या, कुठे सपाट होत्या. आपल्या जंगलाची रेघ अशी उतरली होती की वानरांची पोरं तिच्यावर घसरगुंडी खेळायला आली.

शेजारच्या जंगलाची राणी वाघीण गोड आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुमच्याकडे गुरुजींचा विणीचा हंगाम नसतो वाटतं?"

सगळे हसले. वाघाच्या मिशा थरथरल्या. भर मेळ्यात तो उभा राहिला आणि गरजला, "पुढच्या मेळ्यापर्यंत माझ्या जंगलातले गुरुजी दुप्पट करीन! हे माझं वचन आहे!"

घरी आल्यावर त्याचा राग उतरला. दुप्पट करायचे कुठून? नवे गुरुजी नेमायचे तर आधी ते शिकलेले हवेत, आणि त्यांना शिकवायला गुरुजी हवेत. तिथेच तर सगळं अडलं होतं.

राजाचा शिरस्तेदार साळिंदर होता. सगळी दफ्तरं त्याच्या ताब्यात. अंगभर लेखण्या, हवी ती उपटावी आणि लिहावं. व्याकरणाचा मोठा पक्का. चिखलात पाय घसरून पडला तरी आधी प्रयोग कर्तरी की कर्मणी ते बघायचा आणि मग ओरडायचा.

तो म्हणाला, "महाराज, वचन आपण दिलंत, उत्तम झालं. आता ते एकवचन ठेवायचं की बहुवचन, तेवढं माझ्यावर सोडा."

आणि साळिंदर मोजणीला निघाला.

मोजणीचा एक नियम होता. डोळ्यांनी मोजायचं नाही. डोळे फसवतात. जबाबावरून मोजायचं, आणि जबाब विद्यार्थ्याचा घ्यायचा. बाभळीखालच्या शाळेत आला तेव्हा माळढोक गुरुजी समोरच उभे होते. साळिंदराने त्यांच्याकडे पाठ केली आणि पहिल्या रांगेतल्या तिळीला विचारलं, "शाळेत गुरुजी?"

तिळी ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आहेत!"

गुरुजींची छाती फुगली. पोरगी 'आहे' म्हणाली नाही, 'आहेत' म्हणाली. पाहुण्यासमोर शाळेची लाज राखली.

साळिंदराने लेखणी उपटली. "आहेत. बहुवचन. बहुवचन म्हणजे दोन किंवा अधिक. मी प्रामाणिक आहे, अधिक धरत नाही. दोन."

"अहो, मी एकटाच आहे," गुरुजी म्हणाले.

"हा आपला विनय," साळिंदर म्हणाला. "पण विनयाला रकाना नाही."

तेवीसच्या तेवीस शाळांत असंच झालं. सगळीकडे पोरं वळणाची निघाली. कुठेही एकाही पोराने 'गुरुजी आहे' म्हटलं नाही. मोजणी संपली तेव्हा जंगलात सेहेचाळीस गुरुजी होते. राजाने साळिंदराला मिठी मारली. पुन्हा कधी मारली नाही, कारण पंधरा दिवस काटे काढत होते.

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं, कागदावर वाढले तर वाढले, कुणाचं काय बिघडलं? थांबा. मध्ये बोलायचं नाही.

त्या जंगलात दुसरा एक नियम होता. शाळेत तिसाच्या आत पोरं असली की गुरुजी एकच. दुसरा निघाला तर तो अतिरिक्त. अतिरिक्त म्हणजे जास्तीचा, नको असलेला. एकाही शाळेत तीस पोरं नव्हती. त्यामुळे तेवीस शाळांना तेवीस आदेश गेले.

माळढोक गुरुजींनी आदेश दोनदा वाचला. 'आपल्या शाळेत दोन गुरुजी आढळले. पैकी एक अतिरिक्त आहे. जो अतिरिक्त असेल त्याने तीन दिवसांत दरबारी कामावर हजर व्हावे.'

आदेश घेऊन साळिंदर स्वतः आला होता. गुरुजींनी विचारलं, "पण दुसरा कोण?"

"ते तुम्ही आपसांत ठरवा."

"ठरवायचं कसं?"

"ज्याची नोकरी कमी झाली तो जाईल. जो जुना तो राहील. भांडणं करू नका, पोरांसमोर बरं दिसत नाही."

गुरुजी दुपारभर बाभळीखाली बसून राहिले. जुनेही तेच, नवेही तेच. शेवटी तिळीला राहवलं नाही. ती म्हणाली, "गुरुजी, सोपं आहे. तुम्ही जा, आणि तुम्ही थांबा."

साळिंदर म्हणाला, "पोरगी हुशार आहे."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी काळी टोपी नीट केली. "आदेश आहे तर गेलं पाहिजे. मीच ऐकलं नाही, तर सांगितलेलं ऐकावं म्हणून या पोरांना कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि जोडाक्षरं?" तिळीने विचारलं.

"मागे राहतील ते गुरुजी घेतील," साळिंदर म्हणाला.

चांगल्या माणसाचं हेच चुकतं बघा. तो वाईट आदेशसुद्धा चांगल्या मनाने पाळतो. मला तर इतका राग येतो त्या माळढोकाचा! असो. गुरुजी चालत दरबारी गेले. तेवीस शाळांचे तेवीस गुरुजी गेले. दरबारात त्यांना काम दिलं. काम काय? गुरुजींची संख्या कशी वाढली, त्याची रेघ काढायची.

महिन्याने साळिंदर फेरतपासणीला बाभळीखाली आला. पोरं रांगेत बसलेली, कारण त्यांना उठा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"शाळेत गुरुजी?"

पोरं एका सुरात म्हणाली, "गुरुजी नाहीत!"

साळिंदराने मान डोलावली. "नाहीत. बहुवचन. म्हणजे अनेक नाहीत. अनेक नाहीत म्हणजे एक आहे. बरोबर, संख्या जुळली."

शाळांतले तेवीस आणि दरबारातले तेवीस, सेहेचाळीस झाले. मेळ्यात आपल्या जंगलाची रेघ कातळाच्या टोकापर्यंत चढली. राणी वाघिणीने स्वतः राजाला नारळ दिला. राजाने वचन पाळलं, असं सगळीकडे झालं.

त्यानंतर चार दिवसांनी पाणवठ्यावर फलक लागला.

उजाडताच सोनकी तिळीला घेऊन फलकाजवळ गेली. "वाच गं माझी बाय. मनातल्या मनात वाच आणि मग घरी सांग."

तिळीने वाचलं. रा-जे-सा-हे-ब. आ-ज. मग 'सं' होता. त्यापुढे एक अक्षर होतं, ते तिने कधी पाहिलं नव्हतं. अर्धं ओळखीचं वाटत होतं, अर्धं दुसऱ्याच अक्षरासारखं. त्यापुढे का-ळी. ये-ती-ल.

घरी येऊन ती म्हणाली, "आई, संकाळी येतील असं लिहिलंय. मध्ये एक अक्षर कळलं नाही."

"सकाळीच असणार," सोनकी म्हणाली. "लिहिणाऱ्याचं टिंब जास्त पडलं असेल. केवढी गं हुशार माझी पोर! तुझा बाप असता तर नाचला असता."

दोघी सकाळभर करवंदीच्या जाळीत दडून राहिल्या. दुपार झाली. उन्हं कलली. आता राजा येऊन गेला असणार, असं सोनकीला वाटलं. दिवसभर घशाला कोरड पडली होती. "तू थांब इथेच," ती म्हणाली. "मी आधी बघून येते, मग तुला हाक मारते."

तिळी हाकेची वाट बघत जाळीत थांबली.

साळिंदराने दफ्तरात नोंद केली. 'राजेसाहेब जेवले. एक पिसोरी गेली.' लहानांना आदरार्थी बहुवचन लावायची पद्धत नसल्यामुळे त्यांची मोजणी कधी चुकत नाही.

पुढच्या तपासणीला साळिंदर आला तेव्हा तिळी पहिल्या रांगेत बसली होती. समोर मातीत तिने एक अक्षर काढलं होतं. पाणवठ्यावर पाहिलेलं तेच, पुन्हा पुन्हा, वीस वेळा.

"शाळेत गुरुजी?"

पोरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी तिळी उठली.

"गुरुजी नाही."

साळिंदराचे काटे उभे राहिले. "नाहीत म्हण."

"नाही."

"मोठ्यांना असं बोलतात? आदराने म्हण, नाहीत!"

"तो एकच होता," तिळी म्हणाली. "तो गेला. आता एकही नाही."

साळिंदर लिहायला गेला आणि अडला. 'गुरुजी नाही' हे एकवचन. एक नाही, मग उरतं काय? शून्य. आणि शून्याचा रकानाच नव्हता. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि लिहिलं, 'विद्यार्थिनी तिळी. आई नाही. कारण, फलक चुकीचा वाचला. वर्तन उद्धट. जबाब, गुरुजी नाही. जबाबाचे व्याकरण दरबारात दुरुस्त करून घ्यावे.'

दरबारात व्याकरण दुरुस्त करायला तेवीस गुरुजी बसलेलेच होते. कागद फिरत फिरत माळढोक गुरुजींपुढे आला. 'नाही' खोडायचं आणि 'नाहीत' लिहायचं, एवढंच काम होतं.

गुरुजींनी नाव वाचलं. मग पुढचं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचलं, बोट ठेवून, पहिलीतली पोरं वाचतात तसं. त्यांची मान हळूहळू खाली आली.

आयुष्यभर त्यांनी चूक दिसली की खोडली होती. आज लेखणी उचलली आणि 'नाही'च्या पुढे बरोबरची खूण केली. खाली लिहिलं, दहापैकी दहा. आणि उठले.

"कुठे निघालात?" साळिंदराने विचारलं.

"शाळेत."

"अहो, तिथे एक आहेत. दफ्तरात नोंद आहे."

"मीच तो," गुरुजी म्हणाले.

"मग इथले कोण?"

"इथे कुणी नव्हतं."

"आदेशाशिवाय जाता येणार नाही!" साळिंदर ओरडला. गुरुजींनी त्या दिवशी सांगितलेलं ऐकलं नाही. त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. आणि जन्मभर चालत आलेले ते माळढोक गुरुजी दरबाराच्या पायरीवरून उडाले. इतक्या वर्षांत कुणी त्यांना उडताना पाहिलं नव्हतं. ते जरा वेडेवाकडेच उडाले.

बाभळीखाली पोरं बसली होती. तिळीने वर बघितलं. आधी तिला खरं वाटेना. मग ती उठली आणि ओरडली, "गुरुजी आला! गुरुजी आला!"

बाकीची पोरं घाबरली. कुणीतरी तिचा पाय ओढला. सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं, आता ते चूक सुधारणार म्हणून.

गुरुजीने ती सुधारली नाही. हो, मीही आता तसंच सांगतो. गुरुजी आला. तो तिळीशेजारी मातीत बसला. तिने काढलेलं अक्षर त्याने बघितलं.

"हा अर्धा ध," तो म्हणाला. "आणि त्याला जोडला या. झाला ध्या."

तिळीने आधीचं अक्षर लावलं, नंतरची दोन लावली आणि मोठ्याने वाचलं, "संध्याकाळी."

थोडा वेळ ती त्या शब्दाकडे बघत राहिली.

"एवढंच होतं?"

"एवढंच," गुरुजी म्हणाला. त्याला तिच्याकडे बघता येईना.

तात्पर्य: मुलांनो, गुरुजनांचा आदर करू नये. आदर केला की ते एकाचे दोन होतात, दोनातला एक जास्तीचा ठरतो, आणि तो एक म्हणजे तेच असतात. म्हणून गुरुजीला बेधडक अरे-तुरे करावे. निदान तो एक आहे, एवढं तरी शिल्लक राहतं.